खानदेशातला नाताळ: रुळांवरून आणि डोंगरातून

'नाताळ' हा शब्द मुळात पोर्तुगीज. खानदेशावर पोर्तुगिजांचं राज्य कधीच नव्हतं, तरी नवापूरकडच्या डोंगरपट्ट्यात मावची बोलणारी आजीसुद्धा नाताळच म्हणते. शब्द किनारपट्टीकडून येऊन मराठीत मुरला. सण इथे आला तो मात्र वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट रुळांची. १८६० च्या दशकात जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळला पोचली आणि तिच्याबरोबर युरोपीय, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची कुटुंबं आली. केक, सजवलेलं झाड, रात्रीची उपासना हे सगळं रेल्वे कॉलनीच्या आत. गावाने ते कुंपणाबाहेरूनच पाहिलं.

दुसरी वाट जास्त खोल गेली. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले आणि भिल्ल, मावची वस्त्यांत राहिले. आधी शाळा, मग दवाखाने. चिंचपाड्याचं हॉस्पिटल १९४२ चं. आज नंदुरबार जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांची मुळं शोधत गेलं की बहुतेकदा याच कामापाशी पोचतो.

पण मिशनऱ्यांनी आणलेल्या परदेशी चालींवर नाताळ इथे रुजला नसता, असं मला वाटतं. तो रुजला पेटी-तबल्यावर. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्ताला अभंग-भजनाच्या वळणात आणलं, ते मराठी मंडळ्यांनी उचललं. डोंगरात त्यात मावची गाण्यांची भर पडली.

त्यामुळे इकडची कॅरल फेरी (नाताळची गाणी म्हणत घरोघर जाणं) भजनी मंडळासारखीच वाटते. डिसेंबरची कडाक्याची थंडी, कानाला मफलर, पेटी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मांडीवर घेतलेली. दारात गाणं झालं की पाळक (चर्चचे धर्मगुरू) घरच्यांसाठी प्रार्थना करतात, मग चहा. दहाव्या घरापर्यंत चहा नको म्हणायची सोय उरत नाही. घराघरात करंज्या, शंकरपाळे, चकल्या: दिवाळीचाच फराळ, फक्त दीड-दोन महिने उशिराने. जळगावकडे वांग्यांचा हंगाम ऐन भरात असतो, तेव्हा भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या आल्याच.

२५ तारखेच्या उपासनेनंतर प्रीतिभोजन. यासाठी घरटी वर्गणी आणि तांदूळ-डाळ आधीच गोळा झालेली असते. सुरत-बारडोलीकडे कामाला गेलेली माणसं मुकादमाकडून दोन-चार दिवस मागून घेतात आणि ताप्ती लाइनच्या (सुरत-भुसावळ मार्गाच्या) गाडीने परततात. चर्चच्या अंगणात पंगत बसते. वाढायला तरुण मुलं, आणि भाताच्या पातेल्यापाशी हटकून एक म्हातारबाबा, पुरेल की नाही याचा हिशेब करत उभे.