कूपेची कात्री नेमकी कुठे चालते?

रेल्वेच्या फर्स्ट क्लासने प्रवास करणाऱ्यांना ‘कूपे’ शब्द नवा नाही. चार बर्थची ती केबिन, दोन बर्थचा तो कूपे. मोटारींमधली कूपे याच शब्दाची बहीण. फ्रेंचमध्ये ‘कूपे’ म्हणजे कापलेलं. बर्लिन नावाच्या घोडागाडीत माणसं समोरासमोर बसायची. तिची पुढची, मागे तोंड करून बसायची बैठक काढून टाकली, की उरायची दोघांपुरती आखूड गाडी, म्हणजे कापलेली बर्लिन.

थोडक्यात, कात्री चालली ती माणसांच्या जागेवर. दारांचा या शब्दाशी संबंधच नव्हता. तरीही ‘दोन दारं ती कूपे, चार दारं ती सेडान’ हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलाय. पण फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या जुन्या मोटारीत दोन दारांची सेडान होती, तिचं नावच ‘ट्यूडर’, म्हणजे ‘टू-डोअर’. उलट १९६२ साली ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने आपल्या पी-५ सेडानचा टप सुमारे सहा सेंटिमीटरने खाली आणला, चारही दारं तशीच ठेवली आणि त्या गाडीला कूपे म्हटलं.

मोटार अभियंत्यांची अमेरिकेतली संस्था एसएई हिने तर दारं मोजलीच नाहीत. मागच्या प्रवाशांसाठी आतली जागा ३३ घनफूट, म्हणजे साधारण ९३५ लिटर किंवा त्याहून जास्त असेल तर सेडान, कमी असेल तर कूपे. मला हीच व्याख्या सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण ती मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना आणि डोक्याला विचारून केलेली आहे.

२००४ साली मर्सिडीजने सीएलएस आणली आणि उरलीसुरली रेघही पुसट झाली. सांगाडा ई-क्लास सेडानचा, दारं चार, पण दारांच्या काचांना चौकट नाही, मागे दोनच सीट आणि टप कमानीसारखा डिकीपर्यंत उतरत गेलेला. पुढे ऑडी, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन सगळ्यांनीच ही कमान उचलली.

ही कमान फक्त देखणेपणासाठी नसते. धावत्या गाडीला हवा पुढून अडवते तशीच मागूनही खेचते. टपावरून आलेला प्रवाह मागे एकदम सुटला की तिथे कमी दाबाचा भोवरा तयार होतो. वेग दुप्पट झाला की हवेचा हा रोध चौपट होतो. १९८४ साली संशोधक एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी गाडीचा साधा नमुना म्हणून मीटरभर लांबीचा, पुढून गोलसर ठोकळा घेऊन त्याच्या मागच्या उताराचा कोन बदलत नेला. साधारण १२ अंशांच्या उताराला रोध सगळ्यात कमी भरला. पुढे तो वाढत गेला, ३० अंशांजवळ शिगेला पोचला आणि तिथून अचानक कोसळला. कारण मोठं सुंदर आहे. मधल्या कोनांमध्ये उताराच्या दोन्ही कडांवरून पिळदार भोवरे सुटतात आणि उताराला मागे ओढतात. ३० अंशांपलीकडे प्रवाह उतार सोडूनच देतो आणि ते भोवरेही मोडतात.

आता १२ अंशांचा सौम्य उतार हवा, तर टप लवकर उतरायला लागला पाहिजे, आणि नेमकं तिथेच मागच्या माणसाचं डोकं असतं. वीतभर जागेसाठी हवा आणि डोकं यांची ही ओढाताण आहे. आपल्याकडे २०२४मध्ये आलेल्या टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बेसाल्ट या ‘एसयूव्ही कूपे’ गाड्यांमध्ये मुळातच उंची जास्त असल्यामुळे ती जरा सुसह्य होते. या गाड्यांना सेडान म्हणता येत नाही, कारण सेडानमध्ये नुसतं डिकीचं झाकण उघडतं, इथे ते मागच्या काचेसकट उघडतं.

विजेच्या गाड्यांनी पेच वाढवला. बॅटरी पायाखाली आल्यामुळे तळ वर चढला. टप मात्र खालीच हवा, कारण हवेशी झगडण्यात वीज वाया गेली की एका चार्जमधलं अंतर घटतं. तळ चढला की मागच्या माणसाचे गुडघे पोटाशी येतात. पोर्शने २०१९मध्ये आणलेल्या चार दारांच्या टायकानमध्ये यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो. तिथे बॅटरीच कापली. मागच्या प्रवाशांच्या पावलांखालची जागा बॅटरीतून वगळून तिथे खोलगट कप्पे ठेवले. पावलं खाली गेली, बैठक खाली गेली, आणि उतरत्या टपाखाली डोक्याला जागा मिळाली.