स्वस्त व्हीपीएस घेण्याआधी हे वाचा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले आंबा बागायतदार, होमस्टेवाले, काजू-कोकमाचे घरगुती उद्योग यांच्या वेबसाइट आम्ही बनवतो आणि सांभाळतो. अलीकडे बरेच ग्राहक विचारतात, "इंटरनेटवर महिना तीनशे-चारशे रुपयांत व्हीपीएस मिळतो, कधी वर्षाला दीड हजारातही मिळतो. मग तुम्ही जास्त खर्च का सांगता?" व्हीपीएस (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) म्हणजे साइट ठेवायला भाड्याने मिळणारा स्वतंत्र सर्व्हर. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, म्हणून हे पत्रक.

आमचं मत आधीच सांगतो. स्वस्त व्हीपीएस वाईट नसतो. त्याचं मशीन बहुतेक वेळा चांगलंच असतं. भाव कमी होतो तो सांभाळणारा माणूस वगळल्यामुळे. तो माणूस तुमच्या घरचा असेल, आमच्याकडचा असेल किंवा आणखी कुणी. पण कोण, हे ठरल्याशिवाय व्हीपीएस घेऊ नका.

पैसे देऊन नेमकं काय मिळतं

डेटा सेंटरमध्ये एक दणकट मशीन असतं. केव्हीएमसारख्या सॉफ्टवेअरने त्याचे अनेक भाग पाडतात. प्रत्येक भागाला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, ठरलेली रॅम आणि ठरलेली डिस्क मिळते. असा एक भाग म्हणजे एक व्हीपीएस. शेअर्ड होस्टिंगमध्ये अनेकांच्या साइट एकाच सिस्टिमवर असतात आणि ती सिस्टिम होस्टिंग कंपनी सांभाळते. व्हीपीएसमध्ये सिस्टिम तुमची, त्यामुळे तिची देखभालही तुमची. जाहिरातीत बारीक अक्षरात 'अनमॅनेज्ड' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच.

रॅम आणि डिस्क तुमच्या वाट्याची असते, पण प्रोसेसर बहुधा सामाईक असतो. चार बागांना मिळून एक विहीर असावी तसं. एरवी कुणालाच पाणी कमी पडत नाही, पण चौघांनी एकदम पंप लावले की प्रत्येकाची धार बारीक होते. स्वस्त कंपन्या एका मशीनवर जास्त ग्राहक बसवतात आणि तो भाव त्यांना त्यामुळेच परवडतो. लिनक्सवर (बहुतेक व्हीपीएसवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) 'टॉप' ही कमांड दिली की 'एसटी' नावाचा एक आकडा दिसतो. मशीन शेजाऱ्यांच्या कामात असल्यामुळे आपलं काम किती वेळ खोळंबलं, हे तो सांगतो. तो एक-दोन टक्के असेल तर चिंता नको. सतत दहाच्या वर राहत असेल तर तिथून निघालेलं बरं.

देवगडच्या एका बागायतदाराचा अनुभव

ही हकिकत आमच्या एका ग्राहकाची आहे. त्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगतो. होस्टिंग कंपनीचंही नाव देत नाही, कारण जे घडलं ते अशा कुठल्याही कंपनीकडे घडू शकतं.

त्यांची हापूसची कलमं देवगड तालुक्यात. मुंबई-पुण्यात बांधलेली गिऱ्हाईकं आणि पेट्या थेट घरपोच. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने एका परदेशी कंपनीचा व्हीपीएस वर्षाच्या ऑफरमध्ये घेतला. एक कोअर, एक जीबी रॅम, वीस जीबी डिस्क. त्यावर वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्स (त्याला दुकानाची सोय जोडणारं प्लगिन) टाकून ऑर्डर घेणारी साइट उभी केली. पहिला हंगाम उत्तम गेला. हे मुद्दाम सांगतो, कारण स्वस्त म्हणजे टाकाऊ असा समज आम्हाला पसरवायचा नाही. साइट चटकन उघडायची, एकदाही बंद पडली नाही आणि वर्षाचा खर्च एका पेटीच्या भावाएवढाही नव्हता.

दुसऱ्या वर्षी पाडवा झाल्यावर त्यांनी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर एकदम साइटची लिंक पाठवली. थोड्याच वेळात साइटवर एकच ओळ दिसू लागली, डेटाबेसशी संपर्क होत नाही म्हणून.

झालं होतं असं. एकाच वेळी पान मागणाऱ्या प्रत्येकासाठी सर्व्हरवर पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती) एक प्रक्रिया गुंतते. वूकॉमर्ससारखं जड प्लगिन असेल तर एकेका प्रक्रियेला पन्नास ते शंभर एमबी रॅम सहज लागते. एक जीबीत सिस्टिम, डेटाबेस आणि अशा दहा-पंधरा प्रक्रिया मावत नाहीत. रॅम संपली की लिनक्स सगळ्यात जास्त रॅम धरून बसलेली प्रक्रिया स्वतःच बंद करतं आणि ती बहुतेक वेळा डेटाबेसचीच असते. मुलाने कंपनीकडे तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकलं. काही तासांनी उत्तर आलं की सर्व्हर चालू आहे, आतल्या सॉफ्टवेअरची जबाबदारी ग्राहकाची. ऐन हंगामात असं उत्तर झोंबतं, पण करारात तेच लिहिलेलं होतं.

मुलाने रात्री बसून स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवली, पीएचपीच्या प्रक्रियांना मर्यादा घातली, तयार पानं साठवणारी कॅश बसवली. त्याच मशीनवर बाकीचा हंगाम विनातक्रार पार पडला. भाव तोच होता, मशीन तेच होतं. फरक पडला तो जाणत्या माणसाने दिलेल्या एका रात्रीने.

मोठा फटका पावसाळ्यात बसला. वर्ष भरलं. पैसे कार्डावरून आपोआप जातील असं घरात सगळे धरून चालले होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे भारतीय कार्डावरून अशी नियमित वसुली करायची तर ग्राहकाने आधी ई-मँडेट, म्हणजे आपोआप वसुलीची परवानगी, नोंदवलेलं लागतं. परदेशी कंपन्याही त्यातून सुटत नाहीत, आणि या कंपनीने ती सोय केलेली नव्हती. पैसे गेले नाहीत. आठवणीचे मेल गेले मुलाच्या कॉलेजच्या काळातल्या पत्त्यावर, जो तो आता उघडत नाही. सर्व्हर स्थगित झाला आणि करारातली मुदत उलटल्यावर डिस्क पुसली गेली. जुलै-ऑगस्टमध्ये आंब्याची साइट कोण उघडतो? कुणाच्या लक्षातच आलं नाही. बॅकअप रोज घेतले जात होते, पण त्याच डिस्कवर.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, दुसऱ्या कंपनीकडे नोंदवलेलं होतं म्हणून नाव तरी वाचलं. ते आमच्याकडे आले ते या टप्प्यावर. कुरियरच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपचे जुने संदेश, बँकेतल्या जमा नोंदी लावून गिऱ्हाइकांची यादी पुन्हा जुळवली. सगळी नावं परत मिळाली नाहीत. थेट विकणाऱ्या बागायतदाराने वर्षानुवर्षं गोडीने जोडलेली माणसं त्या यादीत होती. असं दुसऱ्या कुणाचं होऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

बॅकअप दुसऱ्या गावी हवा

"कंपनीचा स्नॅपशॉट आहे ना?" असं विचारतात. स्नॅपशॉट, म्हणजे कंपनीने घेतलेली सर्व्हरची जशीच्या तशी प्रत, त्याच खात्यात असतो आणि पुष्कळदा त्याच इमारतीत. खातं बंद झालं की तोही जातो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्त्रासबुर्ग इथे ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. कुणाला इजा झाली नाही, पण ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. ही युरोपातली फार मोठी कंपनी आहे. म्हणजे कंपनी मोठी घेतली की हा प्रश्न मिटला, असंही नाही.

एक प्रत घरच्या लॅपटॉपवर जरूर ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतली दुकानं पाण्याखाली गेली, त्यांतले संगणक आणि चोपड्यांसकट. आम्ही ज्यांची देखभाल करतो त्यांच्या डेटाबेसची प्रत रोज रात्री दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या शहरातल्या साठवणीत जाते. हंगामात ऑर्डरींची प्रत तासातासाला जाते. आणि दर महिन्याला ती प्रत एका रिकाम्या मशीनवर उघडून साइट खरोखर उभी राहते का हे पाहतो. हे काम तुमच्या घरचं कुणी करणार असेल तर आनंदच आहे, पण उघडून पाहण्याचा भाग वगळू नका. फाइल आहे पण उघडत नाही, हे संकटाच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

९९.९ टक्क्यांची हमी

जाहिरातीत ९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे सर्व्हर चालू राहण्याचा वेळ, लिहितात. तीस दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटं साइट बंद राहिली तरी हमी मोडत नाही. वर्षाला पावणेनऊ तास होतात. हमी मोडली तर भरपाई मिळते ती भाड्याच्या प्रमाणात. महिना चारशे रुपयांच्या सर्व्हरचं एका दिवसाचं भाडं साधारण तेरा रुपये. त्या दिवशी हुकलेल्या ऑर्डरी कुणी भरून देत नाही. मे महिन्यातला एक दिवस आणि सप्टेंबरातला एक दिवस बागायतदाराला सारखा नसतो, होस्टिंग कंपनीला मात्र सारखाच असतो.

मुंबईतला सर्व्हर की युरोपातला

स्वस्त योजनांचे सर्व्हर बऱ्याचदा जर्मनी, नेदरलँड्स किंवा अमेरिकेत असतात. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून जर्मनी सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद लागतात. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या वर धरा. एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. मुंबईत सर्व्हर असेल तर हा वेळ जवळपास उरतच नाही. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं असेल तर आम्ही मुंबईचाच सर्व्हर सुचवतो, थोडा महाग पडला तरी. भाव बघताना डॉलरच्या आकड्यावर कार्डाचं परकीय चलन शुल्क आणि लागू असेल तर १८ टक्के जीएसटीही मिळवा. तो धरला की फरक वाटतो तेवढा राहत नाही.

सर्व्हर लांब असण्याचा एक मोठा फायदा आपण अनुभवला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलची रेंज नव्हती. सर्व्हरला त्याची झळ लागत नाही. पण अशा वेळी साइट चालू आहे आणि तुम्हाला मात्र दिसत नाही, ऑर्डरी येत राहतात, पेट्या निघत नाहीत. म्हणून मुंबईतल्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाला 'ऑर्डर तात्पुरत्या बंद' करण्याइतका प्रवेश देऊन ठेवा. आम्ही सांभाळत असलेल्या सगळ्या साइटवर बाहेरची एक देखरेख सेवाही लावतो, म्हणजे बंद साइट आहे की आपली लाइन, हे लगेच कळतं.

आणखी काही अडचणी

अतिस्वस्त योजनांत कधी स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता (इंटरनेटवर सर्व्हर ओळखण्याचा जुन्या पद्धतीचा क्रमांक; आयपीव्ही६ ही नवी पद्धत) मिळत नाही. आशिया-पॅसिफिकसाठीचा या पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपत आला, तेव्हापासून त्यांना किंमत आली आहे. फक्त आयपीव्ही६ असलेली साइट काही ठिकाणच्या वायफायवर उघडतच नाही. दुकानाच्या साइटसाठी अशी योजना घेऊ नका.

ऑर्डरचे मेल त्याच सर्व्हरवरून पाठवू नका. बऱ्याच कंपन्या मेल बाहेर जाण्याचा मार्ग, म्हणजे २५ नंबरचा पोर्ट, बंद ठेवतात, आणि उघडा असला तरी स्वस्त पत्त्यांवरून पूर्वी कुणी स्पॅम पाठवलेलं असू शकतं. मेलसाठी वेगळी सेवा घ्या आणि डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदी करून घ्या; मेल खरोखर तुमच्याकडूनच आला हे त्यांवरून पटतं.

नवा सर्व्हर चालू झाला की काही तासांतच जगभरातून त्याचा पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न सुरू होतात. पासवर्डऐवजी एसएसएच की (सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी तुमच्या संगणकावर ठेवलेली किल्लीची फाइल) वापरा. सिस्टिम कुठल्या आवृत्तीची आहे तेही बघा. उबुंटू २०.०४ या लिनक्सच्या आवृत्तीची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती मे २०२५ मध्ये थांबली, तरी जुने सर्व्हर त्यावर चालूच आहेत. साइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र थोड्याच मुदतीचं असतं. त्याचं नूतनीकरण अडलं की ब्राउझर गिऱ्हाइकाला इशारा दाखवतो आणि गिऱ्हाईक परत फिरतं.

आमचा सल्ला आणि आमची पद्धत

खोल्यांचे फोटो, दर, नकाशा आणि फोन नंबर एवढंच दाखवायचं असेल, जसं आपल्याकडच्या बहुतेक न्याहारी-निवासांना पुरतं, तर व्हीपीएस नकोच. साधं होस्टिंग घ्या. तुम्ही मागितला तरी आम्ही तो घेऊ नका असंच सांगू. साइटवर ऑर्डर, पैसे किंवा खोल्यांचं बुकिंग होत असेल तर दोन जीबी रॅमचा व्हीपीएस आणि ठरलेली देखभाल, याखाली जाऊ नका. घरात कुणी लिनक्स जाणणारं असेल आणि हंगामात फोन उचलणारं असेल, तर एक जीबीचाही चालेल.

आम्ही काम घेतो तेव्हा होस्टिंग आणि डोमेन ही दोन्ही खाती तुमच्याच नावावर उघडतो, आमच्या नाही. डोमेन वेगळ्या कंपनीकडे ठेवतो. सर्व्हरचं बिल तुम्ही थेट भरता, आमची देखभाल फी वेगळी. खात्यात खरं नाव, पत्ता आणि रोज वापरातला मेल द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे व्हीपीएस कंपन्यांना ग्राहकाची पडताळलेली माहिती पाच वर्षं ठेवावी लागते, आणि पुढे वाद झाला तर खातं तुमचंच आहे हे दाखवायला तीच उपयोगी पडते. नूतनीकरणाची तारीख आम्ही आमच्या वहीतही लिहून ठेवतो आणि महिनाभर आधी फोन करतो.

साइट एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवण्याचं काम आम्ही दिवाळी ते जानेवारीअखेर या काळात घेतो. मोहोर धरल्यावर हात लावत नाही. भेटायला येताना होस्टिंगचं शेवटचं बिल, डोमेन कुणाच्या नावावर आहे त्याची नोंद आणि खातं ज्या मेलवर उघडलं त्याचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, त्या माणसाला सोबत आणा.