टावर पूर्ण, तरी नेट का नाही?

मिरचीचा हंगाम होता. सिरोंचाहून निघालेल्या आमच्या गाडीत तेलंगणात मिरची तोडायला चाललेल्या बायाच जास्त होत्या. शेजारच्या मावशी नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. गाडी महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरच्या गोदावरीच्या पुलावर चढली आणि हसताहसताच नातवाचा चेहरा थिजला.

"टावर तं पूर्ण हाये भाऊ, मंग नेट काहून नाई?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "तिकडचं टावर आपल्या सिमले नेट देत नाई. तिकडचं सिम घ्या लागते."

हा समज मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यापायी मजुरीतले पैसे नव्या सिमवर जाताना पाहिले आहेत. मुळात चूक इथे होते, की नेट टावर देतो असं आपण धरून चालतो. टावर हा फक्त दरवाजा. जानेवारी 2025 पासून तर सरकारी निधीतून दुर्गम भागांत उभारलेले 4जी टावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना वापरता यावेत अशी सोय सुरू झाली. म्हणजे दरवाजा एकाचा, घर दुसऱ्याचं.

फोनच्या कोपऱ्यातल्या कांड्या एवढंच सांगतात, की टावरचा आवाज फोनला किती नीट ऐकू येतो. पलीकडचा टावर सापडला की फोन आधी ओळख देतो. सिममध्ये 15 आकडी क्रमांक असतो. तो तुमचा मोबाईल नंबर नव्हे. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे, भारतासाठी 404 किंवा 405, आणि पुढचे दोन-तीन कंपनी व सर्कलचे, म्हणजे तिच्या सेवाविभागाचे. त्यावरून तेलंगणातलं नेटवर्क समजतं, की पाहुणा महाराष्ट्रातला आहे, आणि त्याच्या घरी, म्हणजे सिम दिलेल्या नेटवर्ककडे, चौकशी करतं. घरचा सर्व्हर एक आकडा आणि त्याचं अपेक्षित उत्तर पाठवतो. तो आकडा सिमपुढे टाकला जातो. सिम पोटातल्या गुप्त किल्लीने गणित सोडवून उत्तर देतं. उत्तर जुळलं की पाहुणा खरा. ती किल्ली सिमबाहेर कधीच पडत नाही.

यानंतर फोन 'डेटा सेशन', म्हणजे नेट वापरायची जोडणी, मागतो. ही मागणी रोमिंगमध्ये, म्हणजे पाहुण्या नेटवर्कवर असताना, सहसा थेट घरच्या गेटवेपर्यंत जाते. गेटवे म्हणजे इंटरनेटकडे उघडणारं घरच्या नेटवर्कचं यंत्र. गेटवे फोनला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, देतो आणि दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना त्यांच्यामधल्या वाटेचा, म्हणजे टनेलचा, 32 बिटी क्रमांक कळवतात. पुढे फोनमधून निघालेलं माहितीचं प्रत्येक पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घातलं जातं. वर गेटवेचा पत्ता आणि टनेल क्रमांक, आत मावशींचा मूळ मजकूर. गेटवे वरचं पाकीट काढतो आणि आतलं इंटरनेटवर सोडतो. म्हणूनच भारतीय सिमचा फोन दुबईत उघडला तरी बऱ्याच वेबसाइटना तो भारतात असल्यासारखाच वाटतो.

मला यातली सर्वात भावणारी गोष्ट पुढे आहे. या टनेलला तार नाही, पाइप नाही. सेशन म्हणजे फोन, पाहुणचार करणाऱ्या नेटवर्कमधली यंत्रं आणि घरचा गेटवे, या सगळ्यांच्या वहीतल्या एकमेकींशी जुळणाऱ्या नोंदी. फोन काही सेकंद गप्प राहिला की रेडिओची जोडणी सुटते, नोंदी मात्र राहतात. फोन खिशात पडून असला तरी ठरावीक काळाने हजेरी लावतो. 4जीच्या मानकात हा काळ मुळात 54 मिनिटांचा धरलेला आहे. हजेरी चुकली तर नेटवर्क आणखी चार मिनिटं थांबतं आणि मग फोन आवाक्याबाहेर गेल्याचं मानतं. तिकडे यंत्रंही एकमेकांना हाक देत असतात, "आहेस का?" ही हाक एका मिनिटापेक्षा कमी अंतराने द्यायची नाही असा नियम आहे. उत्तरासोबत एक आकडा येतो, ते यंत्र किती वेळा बंद पडून पुन्हा सुरू झालं त्याचा. आकडा बदललेला दिसला की समोरचं यंत्र समजतं, याची वही कोरी झाली, आणि त्याच्याशी जोडलेली जुनी सेशन्स खोडून टाकतं.

या वह्या जुळेनाशा झाल्या, की कांड्या पूर्ण आणि नेट ठप्प. फोनला वाटतं सेशन चालू आहे, गेटवेकडे मात्र नोंदच नाही. फ्लाइट मोड चालू-बंद केल्यावर नेट येतं ते यामुळे. फोन निरोप घेतो, जुन्या नोंदी पुसल्या जातात, परत आल्यावर सगळं नव्याने लिहिलं जातं. बाजारात मिळणारं मोबाईलमागे चिकटवायचं 'टावर खेचणारं' चकचकीत स्टिकर यातल्या एकाही वहीला हात लावू शकत नाही. तो निव्वळ फसवणुकीचा धंदा आहे. तो बंदच व्हायला हवा.

मग पुलावर काय झालं? दोन नेटवर्कमध्ये चालू सेशन हातोहात सोपवण्याची व्यवस्था नसेल, तर फोन जुना टावर हरवतो, नवा शोधतो आणि पहिल्यापासून नोंदणी करतो. नव्या सेशनला नवा आयपी पत्ता मिळतो आणि जुन्या पत्त्यावर चाललेला कॉल तुटतो. काही कंपन्या स्वतःच्या दोन सर्कलमध्ये अशी व्यवस्था ठेवतात, तिथे कॉल टिकू शकतो.

मावशींच्या फोनवर कांड्यांशेजारी रोमिंगचा 'आर' आला होता, पण नवं सेशन काही उभं राहिलं नव्हतं. सेटिंगमध्ये पाहिलं तर 'डेटा रोमिंग' बंद. फोनने तेलंगणाकडे सेशन मागितलंच नव्हतं! बटण चालू केलं. पुलापलीकडचं कालेश्वरम यायच्या आत नातू पुन्हा पडद्यावर आला. (परदेशात हे बटण पॅक घेतल्याशिवाय चालू करू नका, बिल फार येतं.)

उतरताना मावशींनी विचारलं, "परत आलो का हा आर आपोआप जाईन ना?" जाईल, पण लगेच नाही. पलीकडचा टावर नदीच्या अलीकडेही ऐकू येत असेल, तर फोन त्यालाच धरून बसतो आणि घरचं नेटवर्क ठरावीक काळाने शोधतो. हा काळ सिममध्ये लिहिलेला असतो, सहा मिनिटांच्या पटीत. लिहिलेला नसेल तर एक तास. सिरोंचाला उतरून चहा झाला तरी 'आर' दिसत असेल, तर फ्लाइट मोड एकदा चालू करून बंद करा. फोन घरचं नेटवर्क तेव्हाच शोधतो.