मॅकाडॅमिया हवाईचा नाही, काजूचा भाऊही नाही

मॅकाडॅमिया हा सुकामेव्यातला दाणा हवाई बेटांचा आणि आपल्या काजूच्याच जातीतला, असं रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे काजूवालेसुद्धा ठामपणे सांगतात. दोन्ही चूक. हे झाड मूळ ऑस्ट्रेलियाचं, आग्नेय क्वीन्सलँड आणि त्याला लागून न्यू साउथ वेल्सचा ईशान्य कोपरा, तिथल्या रेनफॉरेस्टमधलं, आणि युरोपियन यायच्या कितीतरी आधीपासून तिथले आदिवासी हे दाणे खायचे. हवाईत बी गेलं १८८० च्या दशकात, पुढे तिथे मोठ्या बागा झाल्या, डबे जगभर गेले नि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता कूळ. काजू आंब्याच्या कुळातला, म्हणजे हापूसचा नातेवाईक (काजूही मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला). मॅकाडॅमिया प्रोटिएसी कुळातला, कॉफीच्या मळ्यात सावलीला लावतात ना सिल्व्हर ओक, त्याच कुळातला. फुलोरा बघितला तरी पटेल, काजूचा मोहोर फांदीच्या टोकाला झुबक्यात येतो, इथे लांब लोंबत्या माळा, एकेकीत शंभरावर बारीक पांढरी नाहीतर गुलाबी फुलं, आणि त्यातून फळं धरतात अगदी मोजकी!

वाईट याचं वाटतं की बागा जगभर वाढतायत पण मूळ जंगल तोडलं गेलं, आणि मॅकाडॅमियाच्या चारही जंगली जाती आज धोक्यात आहेत.