अल्टिमेटचे गेम: आधी कुठला घ्यावा, आणि घरी लोड का होत नाही

स्पेक्ट्रमसाठी (ऐंशीच्या दशकातला, टेपवरून गेम लोड करणारा घरगुती कॉम्प्युटर) कॅसेट घ्यायला येणारे बहुतेक जण अल्टिमेट या ब्रिटिश गेम कंपनीबद्दल विचारतात, "अल्टिमेटचा सगळ्यात भारी गेम कुठला?" मग त्यांचाच दुसऱ्या दिवशी फोन येतो, "कॅसेट खराब निघाली." दोन्हींचं उत्तर एकदाच लिहून ठेवतोय.

आमच्या मते पहिला नंबर 'अ‍ॅटिक अ‍ॅटॅक'चा (१९८३). 'नाइट लोअर' खाली ठेवला म्हणून जाणकार भांडतात, भांडोत. अ‍ॅटिक अ‍ॅटॅकमध्ये सरदार, जादूगार किंवा नोकर यांतला एक निवडायचा, आणि प्रत्येकाच्या चोरवाटा वेगळ्या: सरदार घड्याळातून जातो, जादूगार पुस्तकांच्या कपाटातून, नोकर पिंपातून. म्हणजे एकाच पैशात तीनदा खेळायची सोय. ताकद किती उरली ते बाजूची भाजलेली कोंबडी सांगते. नुसती हाडं दिसू लागली की आटोपलंच.

दुसरा 'नाइट लोअर' (१९८४). तिरक्या कोनातून दिसणाऱ्या त्या खोल्यांनी तेव्हा सगळ्यांची बोटं तोंडात घातली होती. तो आधीच तयार होता, पण 'सेबर वुल्फ'ची विक्री मारली जाऊ नये म्हणून मागे ठेवला, असं अल्टिमेट काढणाऱ्या स्टॅम्पर बंधूंनीच पुढे सांगितलं. खोलीत हलणाऱ्या वस्तू वाढल्या की हा गेम रेंगाळतो. मूळ गेमच तसा आहे, त्यासाठी मशीन रिपेअरला आणू नका.

तिसरा 'जेटपॅक' (१९८३): रॉकेटचे भाग जोडा, इंधन भरा, उडा. पाच मिनिटांत कळतो, सुटत मात्र नाही. आणि १६के (१६ किलोबाइट मेमरीच्या) मशीनवर चालतो. वरचे दोन्ही ४८केचे आहेत, तेव्हा घेण्याआधी आपलं मशीन कुठलं ते पाहा. भारतातल्या डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस असेल तर काळजी नाही, तो ४८केचाच आहे.

त्यानंतर सेबर वुल्फ, 'एलियन ८', 'अंडरवर्ल्ड'. 'मार्शनॉइड्स' संग्रह पुरा करायचा असेल तरच घ्या. आम्ही विकतो, पण आग्रह करत नाही.

आता 'खराब' कॅसेटबद्दल. परत आलेल्या बहुतेक कॅसेट आमच्या मशीनवर निमूट लोड होतात. चूक एकच असते: टेपचा आवाज गाणी ऐकताना ठेवतो तेवढाच ठेवलेला. स्पेक्ट्रमला तो पुरत नाही. टेपचा आवाज तीन चतुर्थांशाच्या आसपास न्या, ट्रेबल पूर्ण वाढवा, मशीनच्या 'ईअर' सॉकेटची वायर ठेवून 'माइक' सॉकेटची काढा, मग LOAD ची आज्ञा देऊन टेप सुरू करा आणि स्क्रीनच्या कडेकडे बघा. आधी लाल-आकाशी जाड पट्टे स्थिर सरकले पाहिजेत, मग निळ्या-पिवळ्या बारीक रेघा. लाल-आकाशी पट्टेच येत नसतील किंवा तुटक येत असतील तर पाच मिनिटं वाट बघण्यात अर्थ नाही. टेप मागे घ्या, आवाज थोडा बदला, पुन्हा लावा. पट्टे नीट येऊन मध्येच 'टेप लोडिंग एरर' आला तर बहुधा टेपचं हेड (कॅसेट वाचणारा भाग) मळलंय. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा (दोन्ही काउंटरवर मिळतं). हेडशेजारचा बारीक स्क्रू मात्र अंदाजाने पिळू नका. तो हलला की चांगल्या कॅसेटही वाचता येत नाहीत, आणि तो परत जागेवर आणण्याचे पैसे आम्हाला घ्यावे लागतात.

आमच्या बदलून देण्याच्या नियमावर काहीजण नाराज असतात. प्रत्येक कॅसेट आम्ही विकण्याआधी लोड करून पाहतो, म्हणून तुमच्यासमोर आमच्या मशीनवर लावून पाहिल्याशिवाय बदलत नाही. तिथेही लोड झाली नाही तर दुसरी कॅसेट किंवा पूर्ण पैसे, लगेच. येताना कॅसेटबरोबर तुमचा टेप आणि वायरही आणा. दोन्ही फुकट तपासून देतो.