आखडलेला सांधा आणि ढिला सांधा: दोन्हींना ‘वात’ म्हणणं थांबवा

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात संध्याकाळी ओट्याओट्यावर एकच वाक्य ऐकू येतं, “आंग आखडलं वो माय.” उत्तरही ठरलेलं असतं, “वात हाये तो. तेल कोमट कर अन् चोळून घे.” पासष्ट वर्षांच्या आजीला हेच उत्तर आणि बावीस वर्षांच्या सुनेलाही हेच. आजीच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. सुनेच्या बाबतीत चुकलं, तर तिची उमेदीची वर्षं जातात. ती बावीस वर्षांची सून मी होते. एकतिसाव्या वर्षी कळलं की मला वात नाही, माझे सांधे जन्मापासून ढिले आहेत. तेव्हापासून हा घोळ कानावर आला की मला गप्प बसवत नाही.

वाताबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? उतारवयात गुडघा झिजतो, उठबस करताना करकरतो. तरुणपणीही येणारा संधिवात वेगळा. त्यात दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात, गरम लागतात, सकाळी मूठ वळायला तासभर जातो. २००६ साली चिकनगुन्या आला तेव्हा सांधे धरणं म्हणजे काय ते घरंच्या घरं शिकली. यवतमाळ-चंद्रपूरकडे ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलेल्यांची पाठ आणि मान ताठ होते. कारणं निरनिराळी, पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी: सांध्याची हालचाल कमी होते.

ढिल्या सांध्यांत ती जास्त होते. हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. ते मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. काही माणसांत हे विणकामच जन्मतः सैल असतं, म्हणून सांधा आपल्या हद्दीपलीकडे जातो. कोलॅजन फक्त सांध्यांत नसतं, कातडीत, रक्तवाहिन्यांत, आतड्यांतही असतं. म्हणून जरासं लागलं तरी निळे डाग पडतात, टाक्यांचा व्रण पसरट होतो, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, पोट सतत बिघडलेलं असतं. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत तर मला चुलीपुढे दहा मिनिटं उभं राहणं जमत नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या आणखी सैलावतात, रक्त पायात उतरतं आणि डोकं हलकं होतं.

डॉक्टरी भाषेत याला त्रासाच्या प्रकारानुसार हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर किंवा एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम म्हणतात. दुसरं नाव दोन त्वचारोगतज्ज्ञांवरून पडलं, डेन्मार्कचे एहलर्स आणि फ्रान्सचे डॅनलॉस. १९०१ आणि १९०८ साली त्यांनी असे रुग्ण नोंदवले होते. घरात बोलताना मी ‘ढिले सांधे’च म्हणते, कारण ते आजीलाही कळतं. ‘नाजूक’ हा शब्द मात्र मला अजिबात नको. नाजूक म्हटलं की लोक कामचुकार ऐकतात.

आता जिथे सगळे फसतात तिथे येऊ. सांधे ढिले असतील तर अंग आखडतं कसं? हा प्रश्न मला सासूबाईंनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, एका दवाखान्यात डॉक्टरांनीही विचारला. मी म्हणायची, “खांदा आखडलाय.” ते म्हणायचे, “हात मागे ने पाहू.” मी हात मागे न्यायची आणि तो इतका वळायचा की समोरचा माणूस हसायचा. एकदा नात्यातल्याच एक आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, “इतका हात वळते अन् म्हणे आखडला! सोंग हाये सारं.” मी त्या दिवशी न जेवता उठले. माझा हात वळत होता हे खरं होतं आणि खांदा आखडला होता हेही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते.

मग एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला मंडपाचं उदाहरण दिलं. उन्हाळ्यात लग्नाचा मंडप घालतात, खांब रोवतात आणि चारही बाजूंनी दोर ताणून खुंट्यांना बांधतात. दोर ताठ असले तर वावटळ आली तरी खांब उभा राहतो, कोणाला हात लावावा लागत नाही. पण समजा चारही दोर सैल आहेत. खांब पडू द्यायचा नाही, म्हणून चार माणसं तो धरून उभी राहतात. तासाभराने त्यांचे दंड भरून येतात, मग गोळे येतात. त्या माणसांना विचारलं, तर ती म्हणतील हात आखडले. आखडलेच आहेत. पण खांब मात्र सैलच आहे.

दोर म्हणजे लिगामेंट, माणसं म्हणजे स्नायू. ढिल्या सांध्याच्या माणसाचे स्नायू दिवसभर दोन कामं करतात, एक हालचालीचं आणि दुसरं सांधा जागेवर धरून ठेवण्याचं. हे दुसरं काम बाकीच्यांच्या अंगात लिगामेंट मुकाट्याने करतात. म्हणून बाकीच्या बाया सहा तास कापूस वेचून जेवढ्या थकतात, तेवढी मी दोन तासांत थकते. मान, खांदे, कंबर दगडासारखी होते. तिथे हात लावणाऱ्याला गाठी लागतात आणि तो ठामपणे सांगतो, “वाताच्या गाठी हायेत.” त्या गाठी धरून ठेवणाऱ्या माणसांच्या मुठी आहेत.

फरक ओळखायचा कसा? वाताने आखडलेला सांधा दुसऱ्या कोणी हलक्या हाताने हलवायला घेतला तरी मध्येच अडतो. धरून ठेवलेला सांधा स्नायूचा ताण जरा ओसरला की पुढे जातो, आणि जायला नको तिथपर्यंत जातो. सुजेच्या संधिवाताचं आखडणं विश्रांतीने वाढतं आणि चालतं-फिरतं झालं की हळूहळू सुटतं. आमचं कामाने वाढतं, आणि पुष्कळदा त्याच दिवशी कळतही नाही. लग्नघरी मी दिवसभर पोळ्या लाटते, हसते, बोलते. दुसऱ्या दिवशी मला केस विंचरता येत नाहीत. मग लोक म्हणतात, “काल तर चांगली होती.” हो, काल चांगली होते, म्हणूनच आज अशी आहे.

हा फरक एवढा ताणून सांगते आहे, कारण उपाय त्यावर ठरतो, आणि उलटा उपाय झाला तर नुकसान होतं. मला वर्षानुवर्षं रगडून मालिश झाली. त्या रात्री झोप छान लागायची, आणि दुसऱ्या दिवशी ओझं उचलताना खांदा जागेवरून सरकायचा. धरणाऱ्या माणसांना सोडा म्हटलं की खांब पडणारच. हलकी मालिश, गरम पाण्याचा शेक याला माझी ना नाही, त्याने खरंच बरं वाटतं. पण जोर लावून ‘मोकळं करणं’ नको. नस मोकळी करतो म्हणून मानेला झटका देणाऱ्यांच्या हातात तर मान देऊच नका. माझी एकाने कटकन वाजवली होती, पुढचे तीन आठवडे मी आडवी होते. उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ पाठीत घेणं हेही त्याच माळेतलं. आणि ताणाचे व्यायाम? “आखडलंय ना, मग ताण दे,” हा सल्ला ऐकला की माझा जीव वरखाली होतो. आम्हाला ताण नको, बळ हवं. दोर बदलता येत नाहीत, पण धरणारी माणसं ताकदवान करता येतात. सांधा शेवटच्या टोकापर्यंत न नेता, मधल्या टप्प्यात, सावकाश, थोड्या वजनाने, आठवड्यामागून आठवडे. योगासनंही चालतात, फक्त ‘किती वाकता येतं’ हे दाखवायला नव्हे. १५ ऑगस्टला शाळेत एखाद्या पोरीला घडीसारखी दुमडून टाळ्या घेतात, तेव्हा मला तिच्या आईशी बोलावंसं वाटतं.

तरी एवढ्यावरून प्रत्येक लवचिक पोर आजारी ठरवू नका. अंग वळतं आणि काही दुखत नाही अशी कितीतरी माणसं आहेत, त्यांना काहीही झालेलं नाही. वळणं आणि त्रास दोन्ही असतील तर विचार करायचा.

रिपोर्टचा घोळही याच्यातूनच निघतो. वातासाठी सीआरपी, ईएसआर, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या तपासण्या होतात. ढिल्या सांध्यांत त्या सहसा नॉर्मल येतात, कारण त्या सूज आणि संधिवाताच्या रक्तातल्या खुणा शोधतात, ढिलेपणा शोधत नाहीत. आपल्याकडे हाडं दुखणाऱ्या पोरांची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होते. ती करून घ्याच, विदर्भात ती टाळू नये. पण तीही निगेटिव्ह आली की “काहीच नाही” असा शिक्का बसतो. एहलर्स-डॅनलॉसचे २०१७ च्या वर्गीकरणात १३ प्रकार मांडले. त्यातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या हायपरमोबाइल प्रकाराचं जनुक अजून सापडलेलंच नाही. म्हणजे त्याची रक्ततपासणीच नाही. तो डॉक्टरांनी हात लावून, विचारपूस करून ओळखायचा आजार आहे.

त्यासाठी बायटन मोजणी वापरतात. करंगळी मागे काटकोनापलीकडे जाते का, अंगठा मनगट वाकवून कोपराखालच्या हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा उलट्या बाजूला १० अंशांपेक्षा जास्त वाकतो का, याला डाव्या-उजव्याचे मिळून ८ गुण. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर आणखी १. वयात आल्यापासून पन्नाशीपर्यंत ५ किंवा जास्त गुण आले तर सांधे ढिले धरतात, त्याआधीच्या मुलांत ६, पन्नाशीनंतर ४. पण या मोजणीत खांदा नाही, खुबा नाही, घोटा नाही. आणि गुण आले म्हणजे आजार ठरला असंही नाही, पुढची तपासणी राहतेच. ढिल्या सांध्याच्या माणसाला खरा संधिवातही होऊ शकतो. सांधा लाल, गरम, सुजलेला दिसला तर “हे माझं नेहमीचंच” म्हणून घरी बसू नका, त्यावर लवकर औषध सुरू झालं तर सांधे वाचतात.

दोन गोष्टींत मात्र उशीर चालत नाही. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा कोणी फार उंच, लांब हातापायांचं, डोळ्यातलं भिंग सरकलेलं असेल, तर हृदयाची आणि महाधमनीची सोनोग्राफी करून घ्या. मार्फन सिंड्रोम (हाही जन्मतः सैल विणकामाचाच एक आजार) आणि एहलर्स-डॅनलॉसचा रक्तवाहिन्यांचा प्रकार यांत मोठी धमनी फाटू शकते. यांपैकी कोणताही आजार आईबापांपैकी एकाला असेल तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. दुसरी गोष्ट औषधाची. जुलाब लागले की गावात सर्रास सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनची गोळी मिळते. या गटातल्या औषधांनी स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी (टेंडन) तुटू शकते. महाधमनीला धोका असल्यामुळे मार्फन आणि एहलर्स-डॅनलॉसच्या रुग्णांना, दुसरा पर्याय असेल तर, ती देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. दुकानदाराला आणि डॉक्टरांना आपला आजार आधी सांगा.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल त्यात आहे, आणि ते योग्यच आहे. एहलर्स-डॅनलॉसचं नाव नाही. प्रमाणपत्र मिळालं तर ते चालण्या-हलण्याच्या अडचणीवरून, आणि ती अडचण आमच्यात आज असते, उद्या नसते. तपासणीच्या दिवशी आपण नेमके बरे असलो तर हात हलवत परत यावं लागतं. हे मला अन्यायाचं वाटतं.

सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला जाणार असाल तर अस्थिरोग विभागात नुसतं “दुखतं” म्हणू नका आणि “आखडलं” तर म्हणूच नका, ते वाताकडेच घेऊन जातं. सरकतं म्हणा, निसटतं म्हणा, धरून ठेवावं लागतं म्हणा. कामाच्या दिवशी किती दुखलं आणि दुसऱ्या दिवशी किती, हे महिनाभर वहीत लिहून न्या. जुने व्रण आणि निळे डाग दाखवा. लहानपणी घोटा किती वेळा मुरगळला ते आईला आधीच विचारून ठेवा. माझ्या वेळी तेच एक उत्तर ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, “जरा करंगळी दाखवा बरं.”