तापमानातल्या फरकातून वीज : सीबेकपासून आजच्या मोड्यूलपर्यंत

१८२१ साली बर्लिनमध्ये टॉमस योहान सीबेकने दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्यांची टोके जोडली आणि एक सांधा तापवला. शेजारच्या होकायंत्राची सुई वळली. उष्णतेने चुंबकत्व निर्माण होते, असा अर्थ त्याने लावला. सुई हलते ती पट्ट्यांतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे, हे डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडने ओळखले.

धातूंच्या जोडीतून मिळणारा विद्युतदाब अगदीच तोकडा असतो. तांबे आणि कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांच्या जोडीत १०० अंशांच्या फरकाला जेमतेम ४ मिलिव्होल्ट. पण तापमाने टिकली की दाबही टिकतो. म्हणून ओहमने १८२६ चे आपले प्रयोग चढउतार होणारा विद्युतघट बाजूला ठेवून बिस्मथ-तांब्याच्या जोडीवर केले : एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात.

वीजनिर्मितीत धातू का अडतात, याचा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ आल्टेनकिर्शने १९०९ ते १९११ दरम्यान मांडला. दर अंशाला दाब भरपूर, विद्युतरोध कमी आणि उष्णतावहनही कमी, हे तिन्ही एकाच पदार्थात हवे. धातूत वीज आणि उष्णता दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहून नेतात, त्यामुळे एक राखायला जावे तर दुसरे हातचे जाते. खरी कोंडी हीच, आणि ती बरीचशी फोडली अर्धवाहकांनी (धातू आणि विद्युतरोधक यांच्या मधल्या पदार्थांनी). सोव्हिएत संघात भौतिकशास्त्रज्ञ अब्राम इऑफेने हा मार्ग लावून धरला. रॉकेलच्या दिव्याच्या उष्णतेवर रेडिओ चालवणारी जनित्रे तिथे बनली. १९५४ मध्ये बिस्मथ टेल्युराइड हा अर्धवाहक पुढे आला. त्याचे जड अणू आणि कमकुवत बंध उष्णतेची वाट अडवतात, वीज मात्र बरी वाहते.

अवकाशात १९६१ च्या ट्रान्झिट ४ए उपग्रहावर प्लुटोनियमच्या उष्णतेवरचे २.७ वॉटचे जनित्र गेले. व्हॉयेजर यानांवर (१९७७) अशी प्रत्येकी तीन आहेत. इंधनाचा अर्धायुकाल (ते निम्मे होण्याचा काळ) ८७.७ वर्षे असला तरी वीज त्याहून वेगाने घटते, कारण जोड्याही झिजतात.

आज सहज मिळणाऱ्या ४० मिमी चौरस मोड्यूलमध्ये, म्हणजे दोन सिरॅमिक पट्ट्यांमध्ये अर्धवाहकांच्या जोड्या बसवलेल्या चकतीत, बहुधा १२७ जोड्या असतात. जोडीमागे अंशाला सुमारे ०.४ मिलिव्होल्ट धरले, तर १०० अंशांच्या फरकाला भाराविना (काही उपकरण न जोडता) ५ व्होल्ट मिळतात. भाराचा रोध आतल्या रोधाइतका ठेवला की सर्वाधिक शक्ती मिळते, पण दाब निम्म्यावर येतो. थंडाव्यासाठी बनवलेले, म्हणजे वीज दिली की एक बाजू गार करणारे, पेल्तिये मोड्यूल चुलीवर लावणे ही नेहमीची चूक. त्यातल्या काही प्रकारांचे बिस्मथ-कथील डाखकाम १३८ अंश सेल्सिअसलाच वितळते.

त्याहून जास्त फसते ती थंड बाजू. कार्यक्षमता ५ टक्के धरली तरी ९५ टक्के उष्णता मोड्यूलमधून पलीकडे जाते. उष्णताशोषक लहान असेल तर काही मिनिटांत तोही तापतो, फरक आटतो आणि दाब कोसळतो. फरक निम्म्यावर आला की शक्ती चौथाईवर येते. म्हणून पंख्यापेक्षा वाहते पाणी बरे. उष्णतावाहक लेप पातळ आणि सगळीकडे सारखा हवा. स्क्रू थोडेथोडे, आलटून पालटून आवळावेत, नाहीतर सिरॅमिकची पट्टी तडकते.